मुलखाचे शब्द आणि शोधयंत्राचा दंड

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांचे नाव महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आजवर बहुधा दुःखाच्या वार्तेबरोबरच आले आहे. १९९२ साली वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा सारा देश या मुलखाकडे वळून पाहू लागला, आणि त्यानंतर कुपोषण, पाण्याचे टँकर व वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर याच विषयांच्या अनुषंगाने त्यांचा उल्लेख होत राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला तरी ही ओळख फारशी पालटली नाही. परंतु अलीकडे एक निराळी आणि सर्वथा स्वागतार्ह गोष्ट घडू लागली आहे. ज्यांच्या घरात एखाददुसरी खोली जास्तीची आहे असे शेतकरी पाहुण्यांची सोय करू लागले आहेत, बचतगटांच्या स्त्रिया नागलीचे पापड आणि बिस्किटे विकू लागल्या आहेत, वारली चित्रकार आणि बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे करणारे कारागीर दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू पाहत आहेत. आणि या सर्वांना आपापले एखादे संकेतस्थळ असावे असे वाटू लागले आहे. ज्या तालुक्यांत आजही रेल्वे नाही त्यांच्या दृष्टीने ही वाट मोलाची आहे, आणि म्हणूनच त्या वाटेच्या तोंडाशी जो एक घातक सल्ला त्यांच्या पदरी पडतो त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते.

तो सल्ला असा, की पानावर कीवर्ड, म्हणजे लोक शोधयंत्रात टाकतात ते शब्द, भरा. शहरातून आलेला, पॅकेजचा दर सांगणारा आणि ‘महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर’ अशी हमी देणारा संकेतस्थळकार हा सल्ला देतो, आणि यजमानाला त्यातले काही कळत नसल्याने तो निमूटपणे मान्य होतो. त्यातून जो मजकूर सिद्ध होतो त्याचा मासला सांगावयाचा तर तो साधारण असा असतो: ‘जव्हार हॉटेल, जव्हारमधील स्वस्त हॉटेल, मुंबईजवळ जव्हार हॉटेल, जव्हार धबधबा हॉटेल, मिनी महाबळेश्वर जव्हार हॉटेल शोधत आहात? जव्हारमधील सर्वोत्तम जव्हार हॉटेल आमचेच.’ या दोन वाक्यांत गावाचे नाव सात वेळा आले, पण खोल्या किती, जेवणात भाकरी तांदळाची की नागलीची, एसटीच्या थांब्यापासून चालत किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात वीज गेली तर सोय काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाचकाला मिळाले नाही. ज्याने आयुष्यात कधी असे वाक्य तोंडाने उच्चारले नसेल त्या सज्जन माणसाच्या नावावर ते जगासमोर मांडले जावे, हा त्याच्या सचोटीचाच अवमान आहे असे मी मानतो.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सल्ला आज निरुपयोगी झाला आहे. १९९५ च्या डिसेंबरात आल्टाव्हिस्टा सुरू झाले त्या काळातील शोधयंत्रे पानावर एखादा शब्द किती वेळा आला याला फार महत्त्व देत असत, आणि त्यामुळे शब्दांची पुनरुक्ती करून वरचे स्थान पटकावण्याची युक्ती त्या वेळी पुष्कळांना साधली, ही गोष्ट खरी. परंतु पुढे गूगलने प्रथम एका पानाकडे दुसरी किती पाने निर्देश करतात याचा हिशेब मांडला. मग २०११ च्या फेब्रुवारीत ‘पांडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदलाने निकृष्ट आणि पोकळ मजकुराची स्थळे खाली लोटली, आणि २०१२ च्या एप्रिलमधील ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांवर व शब्दांच्या भरण्यावर उभ्या असलेल्या स्थळांना ग्रासले. पानाच्या पोटात कीवर्ड लिहिण्यासाठी जो एक अदृश्य रकाना असतो, तो आपण क्रमवारी लावताना विचारातच घेत नाही, असे गूगलने २००९ च्या सप्टेंबरात जाहीरपणे सांगून टाकले आहे. आणि तरीही तोच रकाना भरून देण्याबद्दल खेड्यापाड्यांतील माणसांकडून पैसे घेतले जातात, याची मला खरोखर चीड येते.

अशा शब्दभरणीबद्दल शोधयंत्राकडून होणारा दंड दोन प्रकारचा असतो. एक यंत्राच्या गणितातूनच होतो. कोणी कळवत नाही, नोटीस येत नाही, पान हळूहळू खाली जाते आणि मालकाला वाटते की लोकांचा ओढाच कमी झाला. दुसरा माणसाच्या हातून होतो. गूगलचा तपासनीस स्थळ पाहतो, नियमभंग नोंदवतो आणि मग ते पान, किंवा सगळेच स्थळ, शोधाच्या निकालांतून मागे सारले जाते अथवा काढूनच टाकले जाते. या दुसऱ्या प्रकाराची सूचना सर्च कन्सोल नावाच्या विनामूल्य सोयीत मिळते, आणि दोष दूर करून फेरविचाराचा अर्जही तेथूनच करता येतो. त्या अर्जात काय चुकले, काय काढून टाकले आणि पुढे काय काळजी घेतली जाईल याची सविस्तर कैफियत द्यावी लागते. जव्हार-मोखाड्यातील ज्या माणसाचे संकेतस्थळ दुसऱ्याने केले आहे त्याच्यापाशी बहुधा या सोयीची किल्लीच नसते, आणि म्हणून स्थळ करून घेताना डोमेन, सांकेतिक शब्द आणि सर्च कन्सोलचा ताबा स्वतःच्या नावावर मागून घेणे हे मी कीवर्डच्याही आधीचे काम समजतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कीवर्ड वापरावयाचे ते कसे, आणि कोणते? या बाबतीत केंब्रिजच्या केरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ साली मांडलेला एक विचार आमच्या या डोंगरी तालुक्यांच्या फार उपयोगाचा आहे. त्यांचे म्हणणे असे, की जो शब्द सगळ्याच कागदपत्रांत आढळतो तो कोणत्याही एका कागदाची ओळख पटवू शकत नाही, आणि जो थोड्याच कागदांत आढळतो त्याचे वजन शोधाच्या कामी अधिक धरले पाहिजे. आजची शोधयंत्रे कितीही गुंतागुंतीची झाली असली तरी हे तत्त्व त्यांच्या पायात आहे. त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला तर ‘सर्वोत्तम’, ‘निसर्गरम्य’, ‘स्वस्त’ हे शब्द लाखो पानांवर आहेत आणि ते शंभर वेळा लिहून काही हाती लागत नाही. उलट ‘बोहाडा’, ‘राब’, ‘वरकस’, ‘तारपा’, ‘सूर्यमाळ’, ‘देवबांध’ हे शब्द थोड्या पानांवर आहेत, ते योग्य ठिकाणी एकदा आले तरी यंत्राला पुरते, आणि ते लिहिण्याचा अधिकार व ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ती माणसे याच दोन तालुक्यांत राहतात.

नागलीचेच उदाहरण घ्या. बाजारात ‘सेंद्रिय नाचणी’, ‘पौष्टिक नाचणी’, ‘ऑरगॅनिक रागी’ असे म्हणणाऱ्या पानांची गणती नाही, आणि मोखाड्याच्या एखाद्या बचतगटाने तेच तीन शब्द पानभर पेरले तर तो मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत दिसणारही नाही आणि दंडाला मात्र पात्र होईल. पण त्याच स्त्रियांनी जर असे लिहिले, की आमची नागली डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर होते. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून आम्ही राब भाजतो, पहिल्या पावसात त्या राबावर बी टाकतो, रोपे वीतभर झाली की जुलैत त्यांची लावणी करतो, आणि दिवाळीच्या सुमारास कणसे खुडून वाळवतो. पापडासाठी हे पीठ असे मळतो, बिस्किटात अमुक इतका गूळ घालतो, एका पाकिटाचे वजन इतके आणि ते इतके दिवस टिकते. तर या एका परिच्छेदात ‘नागली’ हा शब्द एकदा किंवा दोनदाच येईल, ‘नाचणी’ हे शहरी गिऱ्हाइकाच्या ओळखीचे नाव शीर्षकात एकदा येईल, आणि तरीही नागलीविषयी खरोखर काही जाणू इच्छिणाऱ्या माणसाला देण्याजोगा मजकूर यंत्राला त्याच पानावर सापडेल. राब हा शब्द कोणत्याही कीवर्डच्या यादीत नसतो. तो शेतकरीणच लिहू शकते.

यावर कोणी म्हणेल, की मुंबईचा माणूस ‘राब’ शोधत नाही, तो ‘मुंबईजवळचा धबधबा’ शोधतो. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. सर्वसामान्य शब्द टाकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. ते पानाच्या शीर्षकात एकदा आणि आरंभीच्या वाक्यात एकदा अवश्य यावेत, मात्र त्यांनी जे वचन दिले ते पुढच्या मजकुराने पुरे केले पाहिजे. ‘मुंबईजवळ’ असे म्हटले तर जव्हार मुंबईहून सुमारे १५० किलोमीटर आणि नाशिकहून सुमारे ८० किलोमीटर आहे हे लगेच सांगितले पाहिजे, म्हणजे ‘जवळ’ या शब्दाचा निवाडा वाचकाला स्वतः करता येईल. ‘मिनी महाबळेश्वर’ या बिरुदाविषयी तर मी अधिक कठोर आहे. ते लोकांच्या तोंडी बसले आहे, म्हणून एकदा लिहावयास हरकत नाही. परंतु ज्या गावाला मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा आहे, दसऱ्याची जुनी परंपरा आहे, १६६४ साली सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजीमहाराज जेथे थांबले असे लोक मानतात ते शिरपामाळ आहे, त्याने परक्या गिरिस्थानाच्या नावाची उसनवारी पानापानांतून का करावी? शिवाय जो प्रवासी ‘महाबळेश्वर’ या शब्दाच्या आशेने येतो तो स्ट्रॉबेरी, बाजारपेठ आणि नौकाविहार शोधतो, त्याला ते मिळत नाही, आणि त्याची निराशा यजमानाच्या नावापुढे तक्रारीच्या रूपाने कायमची नोंदली जाते.

धबधब्यांच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. सुमारे ३०० फुटांवरून कोसळणारा दाभोसा, काळमांडवी, ही नावे आज असंख्य याद्यांत आहेत. विहीगावचा धबधबा तर ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला, पण शब्दाला गिऱ्हाईक आहे म्हणून तोही कित्येक याद्यांत जव्हारच्या नावावर चढवलेला आढळतो. २०२० च्या जुलै महिन्यात काळमांडवीच्या डोहात पाच तरुण बुडून मृत्युमुखी पडले, आणि ते जव्हारचेच होते. ज्यांचा जन्म या मुलखात गेला त्यांनाही जे पाणी फसवते त्याविषयी, ‘धबधबा’ हा शब्द वीस वेळा लिहिणाऱ्या पानाने ‘डोह खोल आहे, पाण्यात उतरू नका’ हे एक वाक्य लिहू नये, हा केवळ लेखनाचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. धबधब्यावर पान लिहिणाराने रस्ता कोठवर जातो, पुढे किती चालावे लागते, पाणी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत असते, मोबाईलला रेंज कोठे संपते आणि तेथे यापूर्वी काय घडले आहे, एवढे लिहिले तर त्याला कीवर्डची निराळी चिंता करण्याचे कारणच उरत नाही, कारण लोक शोधयंत्राला विचारतात ते नेमके हेच प्रश्न.

एक धोका मात्र आणखी सूक्ष्म आहे, आणि त्याच्या संदर्भात जव्हारच्या संस्थानाची एक जुनी दंतकथा आठवते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात ती नमूद आहे. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने तेथल्या वारली नायकाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती मिळताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी नायकाचा सारा कोटच वेढून घेतला. पुढे १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या घराण्यातील नेमशहाला राजेपणाची मान्यता दिल्याचे सांगतात. राज्यस्थापनेच्या कथेत ही चतुराई शोभून दिसते. परंतु आजचा संकेतस्थळकार एकाच परिच्छेदाच्या मजकुराच्या अशाच वाद्या कापून ‘ठाण्याहून जव्हार’, ‘कल्याणहून जव्हार’, ‘वसईहून जव्हार’, ‘भिवंडीहून जव्हार’ अशी पंचवीस पाने उभी करतो, आणि त्या पानांत गावाच्या नावाखेरीज एका अक्षराचा फरक नसतो. अशा पानांना शोधयंत्रे दाराचीच पाने समजतात, ज्यांच्यामागे घर नाही. आणि या अपराधाबद्दल २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूसारख्या बलाढ्य कंपनीचे जर्मन संकेतस्थळसुद्धा गूगलने काही काळ निकालांतून काढून टाकले होते. २०२४ च्या मार्चमध्ये नियम अधिक कडक झाले, आणि घाऊक प्रमाणात निर्माण केलेला निरुपयोगी मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राकडून लिहवून घेतलेला, स्पष्ट शब्दांत दंडनीय ठरला. गावांच्या नावांची लांबलचक यादी पानाच्या तळाशी देणे हेही त्याच नियमावलीत शब्दभरणीचा नमुना म्हणून सांगितले आहे, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवणे तर केव्हापासूनच निषिद्ध आहे. कल्याणहून येणाऱ्याला खरोखर निराळी माहिती द्यावयाची असेल, कसाऱ्याला उतरून खोडाळ्यावरून कसे यावे हे सांगावयाचे असेल, तर ते पान अवश्य लिहावे. माहिती निराळी नसेल तर पानही निराळे नको.

आपल्या भाषेचा स्वभावही येथे ध्यानात घेतला पाहिजे. मराठीत नाम वाक्यात आले की त्याचे रूप बदलते. मोखाडा आपण लिहितो, पण मोखाड्याला जातो आणि मोखाड्याहून परततो. कित्येकांना अशी भीती घातली जाते की मूळ रूप जसेच्या तसे ठेवले नाही तर यंत्राला कळणार नाही, आणि मग ‘मोखाडा जाण्यासाठी’, ‘जव्हार पर्यटन स्थळे माहिती’ असली लंगडी वाक्ये जन्मास येतात. गूगलने २०१९ साली ‘बर्ट’ ही वाक्याचा संदर्भ जाणणारी पद्धत आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांना लागू केली. तेव्हा आता विभक्तीसह लिहिलेल्या सरळ मराठीला भिण्याचे कारण नाही. रोमन लिपीतील लेखनाची अडचण मात्र खरी आहे, कारण जव्हारचे रोमन स्पेलिंग लोक तीन-चार प्रकारांनी करतात आणि ते पंडित नेहरूंच्या नावाशी गल्लत होण्याइतके जवळ जाते. त्यावर उपाय एवढाच, की पानाच्या पत्त्यात सरकारी नकाशावरचे स्पेलिंग घ्यावे, मजकुरात देवनागरी नाव द्यावे आणि जवळच ‘जिल्हा पालघर’ असे लिहावे. चारही स्पेलिंगांची माळ ओवण्याची गरज नाही.

चित्रांविषयी एक शब्द. वारली चित्रकाराच्या पानावर मुख्य वस्तू चित्र असते, आणि प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन लिहिण्याची एक जागा असते; ती मुळात अंध वाचकांसाठी आहे, ज्यांना संगणक ते वर्णन वाचून दाखवतो. तेथे ‘वारली पेंटिंग, वारली पेंटिंग खरेदी, वारली पेंटिंग किंमत’ असे भरून ठेवणे म्हणजे शोधयंत्राच्या आधी त्या अंध माणसाशी केलेला अन्याय आहे. ‘मधोमध तारपा वाजवणारा पुरुष, त्याच्याभोवती हात गुंफून वळणावळणाने नाचणारी माणसे, वर डोंगर आणि उगवता सूर्य; गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात’ असे लिहिले तर अंध वाचकाला चित्र दिसते आणि यंत्रालाही ते कळते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, या कलेला भौगोलिक मानांकनही आहे, आणि तरी कारखान्यात छापलेल्या चादरीवर ‘वारली’ हा शब्द मिरवणारी पाने आज वरच्या क्रमांकावर दिसतात. त्यांच्याशी झुंजावयाचे तर त्याच शब्दाची त्यांच्यापेक्षा मोठी रास घालून चालणार नाही. चित्र कोणत्या पाड्यात काढले, कोणी काढले, लग्नाच्या चौकात काय असते आणि तेथे देवचौक कोण लिहिते, हे त्या चित्रकारानेच सांगितले पाहिजे. छापखान्याला ते सांगता येत नाही.

हे सर्व एकेका गरीब कुटुंबाने स्वतःच्या बळावर करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. जव्हारची नगरपालिका १९१८ सालची, म्हणजे शंभरी ओलांडलेली आहे. दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्या आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत. या संस्थांनी एकत्र येऊन प्रत्येक स्थळाचे एकच अधिकृत पान मराठीत सिद्ध करावे, त्यावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख घालावी, सूचना आणि पत्रके चित्राच्या रूपात न चिकटवता युनिकोड अक्षरांत द्यावीत, आणि घरगुती निवास व बचतगटांच्या पानांना तेथून दुवा द्यावा; कारण जाणत्या संस्थेने दिलेला असा एक सच्चा दुवा विकतच्या शेकडो दुव्यांपेक्षा मोलाचा असतो. महाविद्यालयातील मुलांनी आपापल्या पाड्यातील बोहाड्याची माहिती, कोणते सोंग कोणत्या घराण्याकडे आहे, ते कोणत्या रात्री निघते, ही त्या घराण्यांच्या संमतीने टिपून घ्यावी. नव्या पानाची शोधयंत्राकडे नोंद होऊन ते स्थिरावण्यास कित्येक आठवडे, क्वचित महिनेही लागतात. आणि दाभोसा व काळमांडवीविषयीचे बहुतेक प्रश्न जूनअखेरीपासून विचारले जाऊ लागतात. तेव्हा पावसाळ्याची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहून व्हावयास हवीत, आणि त्यांतील पहिली दोन, डोहांच्या इशाऱ्यासह, या दोन धबधब्यांची असावीत.